तेवीस निनांगांचं बाळ

बुएनाविस्ता, गिमारास
३ फेब्रुवारी

तोतो एल्मेर,

तुझ्या जहाजावरचं मशीन फक्त अक्षरं घेतं आणि फोटो दिसला की रुसतं, हे मी विसरले आणि तुला सतरा फोटो पाठवले. सगळे परत आले. म्हणून आता लिहायला बसलेय. सकाळभर आंब्यांना गुंडाळायचे कागद दुमडून बोटं काळी झालीत, तेव्हा चुका पोटात घाल.

बातमी मोठी आहे. मी पुन्हा एका बाळाची धर्माची आई, निनांग होतेय. आता तू म्हणशील त्यात काय, अर्ध्या गावाच्या पोरांची निनांग तूच आहेस. पण हे पोर साधं नाही, कोच आर्विनचं आहे. कोच आर्विन तुला माहीत नाही. पस्तिशीचा असेल, दात पांढरेशुभ्र, इलोइलोहून होडीने येतो आणि गावातल्या प्रत्येक बाईला ‘मॉमी’ म्हणतो. गेल्या शनिवारी बास्केटबॉलच्या मैदानावर त्याची सभा झाली. अख्खं डुक्कर भाजलं होतं, गाणी झाली, आणि पलीकडच्या गावातली एक बाई व्यासपीठावर नवी मोटरसायकल दाखवून रडली. त्याचं एक नाणं आहे, फोनमधलं. नाव बुलावान. म्हणजे नावच सोनं ठेवलंय, आडपडदा नाही. त्यात पैसे ठेवले की दिवसाला दीड टक्का वाढतात, रविवारीसुद्धा.

इकडे नानाय सालुद आपल्या बागेला लागून असलेला तुकडा विकायला तयार आहे, चौदा झाडांसकट. मेअखेर पैसे हवेत म्हणते. तू जूनमध्ये कायमचा उतरणार, आल्या आल्या स्वतःच्या झाडाखाली बसशील. तुझी अकरा वर्षांची कमाई माझ्या नावावर बँकेत गाढ झोपलीय. तिला जरा उठवावं का? नुसतं विचारतेय.

तुझी,
पुरिंग

डर्बनच्या अलीकडे, समुद्रात
११ फेब्रुवारी

मानांग पुरिंग,

झोपलेल्याला झोपू दे. अकरा वर्षं बावीस माणसांचा भात शिजवून मी त्या पैशांना झोपवलंय. आई गेल्यावर मोठी बहीण म्हणून तू मला झोपवायचीस तेव्हा मध्येच उठवायचीस का कधी?

फोटो आले नाहीत हे बरंच झालं. डुक्कर, मोटरसायकल आणि पांढरे दात बघून मीही विरघळलो असतो. आता सगळं शब्दांत लिही. फोनमधली नाणी असतात, मानांग, खरीही असतात. पण त्यांचा भाव चढतो तसा पडतो, आणि पडतो तेव्हा दणकून पडतो. हा माणूस म्हणतो रोज दीड टक्का, ठरलेला. वादळ येवो, मोहोर गळो, मी तुला दर वर्षी तेवढेच आंबे देतो, असं कुणी म्हणालं तर तू त्याला बागेत पाऊल टाकू देशील?

मला एवढंच सांग. हे नाणं चालवतो कोण, आणि त्याला कुणी हात लावून बघितलंय का? पैसे वाढतात ते नेमकं कशाने? दुसऱ्या बाईला आणलं की तुला काही मिळतं का? घाई करतो का, की अमुक तारखेनंतर दार बंद? आणि दाखला दाखवत असेल तर तो नीट वाच. कंपनी नोंदवली एवढंच त्यात असतं. लोकांकडून पैसे घ्यायची परवानगी हा वेगळा कागद असतो, तो माग. मागितल्यावर त्याचा चेहरा कसा होतो तेही लिही.

निनांग हो, बाळाला कानातलं दे, पण पैशाला हात लावू नकोस.

एल्मेर

बुएनाविस्ता
२० फेब्रुवारी

तोतो,

जहाजावर राहून तू फार संशयी झालास. माशांची संगत, दुसरं काय. तुझे प्रश्न मी कोचला विचारले, तुझं नाव न सांगता. उत्तरं घे.

चालवतात ते स्वीडनचे डॉक्टर माग्नुस. त्यांना कोचने व्हिडिओत दाखवलं. गोरे आहेत, चष्मा आहे, मागे पुस्तकांची कपाटं आहेत. ओठ जरा आवाजाच्या मागून हलतात, पण कोच म्हणाला स्वीडन लांब आहे. पैसे वाढतात ते एका यंत्रामुळे, ते दिवसरात्र खरेदी-विक्री करतं आणि कधी चुकत नाही. नवी बाई आणली की दहा टक्के मिळतात, पण ते आपण तिला मार्ग दाखवला त्याबद्दल. मार्चच्या पंधरा तारखेनंतर नाण्याचा भाव तिप्पट होणार, म्हणून जे काय ते त्याआधी. दुसरा कागद मागितला तेव्हा त्याचा चेहरा पडला हे खरं. पण कशाने, ते ऐक. म्हणाला, “मॉमी, माझं पोर तुमच्या ओटीत घालतोय, आणि तुम्ही मला कागद मागता?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रविवारी बारसं झालं, आता तो माझा कुम्पारे आहे, घरातला माणूस. कुम्पारेला कुणी कागद मागतं का? आईने ऐकलं असतं तर झाडू घेतला असता.

बाळ गोड आहे. प्रिन्स झायन नाव ठेवलं. आम्ही तेवीस निनांग होतो. मेणबत्त्या एवढ्या की फादरना घाम फुटला.

आणि तुला गप्प करायला एक सांगते. मी माझे स्वतःचे थोडे पैसे ठेवले होते, त्यातले तीन हजार परत मागितले. दुसऱ्या दिवशी हातात. आता बोल.

तुझे पैसे सुखरूप आहेत, काळजी करू नकोस.

पुरिंग

सांतोसच्या बाहेर नांगरावर
२ मार्च

मानांग,

तीन हजार मिळाले म्हणून तू नाचतेयस, आणि मला इथे घास गिळवेना. आपल्या बाबांनी गळाला लावलेलं कोळंबीचं पोर माशाला फुकटच मिळायचं ना? ते तीन हजार डॉक्टर माग्नुसचे नाहीत. तुझ्यानंतर आलेल्या कुणा बाईचे आहेत. नव्या बाया येतात तोवर जुन्यांना मिळतं, आणि बाया संपल्या की दुकान बंद. यंत्रबिंत्र काही नाही. फोनवर वाढणारा आकडा म्हणजे आकडाच, तो मीही तुला लिहून पाठवीन, म्हणशील तेवढा.

माझा एक मित्र आहे इथे, इंजिनखोलीत काम करतो. असल्याच एका नाण्यात पडला होता. पहिल्यांदा त्यालाही चटकन परत मिळाले, म्हणून त्याने उरलेलं सगळं टाकलं. मग काढायला गेला तर म्हणे आधी कर भरा. कर भरला. मग म्हणे खातं पडताळायची फी. तीही भरली. मग पैसे घेणारं माणूस फोन उचलेना. फार हुशार माणूस आहे हा मित्र, तरी फसला.

तू भांडू नकोस, कुम्पारेशी तोंड वाकडं करायला मी सांगत नाही. फक्त म्हण की भावाचं ऑपरेशन निघालंय, सगळेच पैसे हवेत, आजच. मी चालेल तो रोग घेतो अंगावर. थोडे मागशील तर देईल. सगळे मागून बघ.

आणि तू ‘सुखरूप’ लिहिलंस, ‘बँकेत’ लिहिलं नाहीस. मला दिसलं ते.

एल्मेर

बुएनाविस्ता
१४ मार्च

तोतो,

इकडे सगळं छान. हवा छान. आंबे यंदा मुठीएवढे झालेत आणि एकही किडका नाही. शेजारच्या कोंचिंगच्या कुत्रीला सहा पिल्लं झाली, त्यातलं एक तुझ्यासारखं डाव्या कुशीवर झोपतं. नानाय सालुद विचारत होती तू कधी येतोस. मी वजन कमी केलंय. तू जेवत जा.

पुरिंग

ता. क. बँकांमध्ये असं असतं का रे, की आपलेच पैसे काढायचे तर त्यावरचा कर आपण आधी वेगळा भरायचा? दहा टक्के? सहज विचारतेय.

सांतोस
१५ मार्च

मानांग,

असं कुठेही नसतं. जगात कुठल्याच बंदरात नाही. खरा कर असता तर त्याच पैशांतून कापला असता. एक पेसोसुद्धा आणखी भरू नकोस, कर म्हणून नाही, फी म्हणून नाही, आर्विन दारात रडला तरी नाही. त्याने पाठवलेला प्रत्येक निरोप आणि पैसे भरल्याची प्रत्येक पावती जपून ठेव, काही पुसू नकोस.

आणि किती गेले ते लिही. मी रागावणार नाही. रागावलो तर इथल्या इथे भांडी आपटेन.

एल्मेर

बुएनाविस्ता
२९ मार्च

तोतो,

दोन आठवडे तुला लिहिलं नाही, कारण एकच वाक्य लिहायचं होतं आणि ते लिहवत नव्हतं. आता लिहिते. तुझ्या पैशांतले तीनातले दोन भाग गेले. मी ते फेब्रुवारीच्या सहा तारखेलाच टाकले होते, तुझं पहिलं उत्तर यायच्याही आधी. ‘नुसतं विचारतेय’ लिहिलं तेव्हाच माझं ठरलं होतं. तू जूनमध्ये येशील आणि मी म्हणेन, चौदा झाडं कशाला, ही घे वीस, असं मनात मांडून बसले होते. मला मोठी बहीण म्हणून मिरवायचं होतं.

कर मात्र भरला नाही. तुझं पत्र आलं त्या सकाळी मी कानातलं मोडून पैसे हातात घेऊन होडीच्या धक्क्यावर उभी होते.

आता पुढचं ऐक, कारण यात हसण्यासारखंही आहे. तू सांगितल्याप्रमाणे ऑपरेशन काढलं, तर कोच फोन उचलेना. मी म्हटलं, ठीक. तो मला टाळेल, पण निनांगला तिच्या लेकराकडे जायला कोण अडवतं? पानसितच्या शेवयांचा टोप मांडीवर घेऊन होडीत बसले. होडीत शेजारी सिबुनागची एक बाई, बेबेथ. तीही इलोइलोला चालली होती, तिच्याही मांडीवर टोप. तिने विचारलं कुठे, मी म्हटलं, माझ्या लेकराकडे, निनांग आहे मी. ती म्हणाली मीपण. तिने फोनमध्ये बाळ दाखवलं. पाळण्यातलं तेच बाळ, हनुवटीवर तोच तीळ. तिच्याकडे त्याचं नाव प्रिन्स गाब्रियेल आणि बारसं जानेवारीत.

मी म्हटलं, “बाई, हे माझं आहे.” ती म्हणाली, “तुमचं कसं, मी सोन्याची साखळी घातलीय त्याला.” होडी किनाऱ्याला लागेपर्यंत आम्ही भांडलो. मग दोघींनी एकदमच विचारलं, तुम्ही किती ठेवलेत?

दिलेल्या पत्त्यावर कपड्यांची इस्त्री करणारा माणूस निघाला. त्याने कोचचं नावही ऐकलं नव्हतं. पानसित त्यालाच दिलं.

तिथून आम्ही आपल्या फादरकडे आलो. त्यांनी पलीकडे दोन फोन केले आणि खुर्चीत मागे टेकले. एकाच बाळाचा बाप्तिस्मा तीन गावांत झालाय, तीन नावांनी, दर गावात वीस-पंचवीस निनांग. फादर एवढे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. म्हणाले, “पुरिंग, बाप्तिस्मा जन्मात एकदाच होतो. पैशाचं पोलीस बघतील, पण याचा हिशेब मी घेईन.” बघ तोतो, डॉक्टर माग्नुसचे ओठ मागून हलले ते मला खटकलं नाही. दीड टक्का खटकला नाही. खटकलं ते दुसरं बारसं. सगळ्या खुणा तू मला फेब्रुवारीतच लिहिल्या होत्यास, मी स्वतःच्या हाताने त्यांची उत्तरं लिहून तुला पाठवली, आणि तरी मला दिसलं नाही. कुम्पारेवर संशय घ्यायची लाज वाटली. त्याने ती लाजच हेरली होती. मेणबत्ती आमच्या हातात द्यायची आणि तोंड आमचं आपोआप बंद.

पोलिसांत तक्रार दिलीय. पावत्या होत्या म्हणून घेतली तरी. परत मिळण्याची आशा ठेवू नका असं सरळ सांगितलं त्यांनी. मी कोंचिंगला आणि आंब्यांना कागद बांधणाऱ्या दोघींना यात आणलं होतं, त्यांचे पैसे यंदाच्या आंब्यांतून मी देणार. काल एकाचा फोन आला, म्हणे बुडालेले पैसे काढून देतो, फक्त आधी थोडी फी. मी त्याला म्हटलं, बाळा, तुझं बारसं किती वेळा झालं? फोन ठेवला त्याने.

नानाय सालुदला ‘जमणार नाही’ असं कळवलं. तिने तुकडा इलोइलोच्या एका वकिलाला दिला.

आता तू काय म्हणशील ते म्हण. मी वाट बघतेय.

पुरिंग

अटलांटिकमध्ये
६ एप्रिल

मानांग,

भांडी आपटली. दोन ताटं फुटली, कॅप्टनला सांगितलं लाटेने.

मग बसलो आणि तुझं पत्र पुन्हा वाचलं. आता मीही एकच वाक्य लिहितो, जे मला वर्षभर लिहवलं नाही. इंजिनखोलीत माझा कुणी मित्र नाही. तो मीच. मागच्या वर्षी पाच महिने कमी पैसे आले, मी तुला लिहिलं की कंपनीने पगार कापला. कंपनीने काही कापलं नव्हतं. सिंगापूरच्या बंदरात एक गोड बोलणारी बाई फोनवर भेटली होती आणि तिचं एक नाणं होतं. कर मी भरला, फीसुद्धा भरली. म्हणून तर मला सगळ्या खुणा पाठ आहेत.

तुला सांगितलं नाही, कारण तू गावात सांगत फिरतेस ना, माझा तोतो जग फिरलेला आहे, त्याला कुणी टोपी घालू शकत नाही. ती टोपी मला काढवेना.

तुझ्या पहिल्या पत्राला उत्तर देताना मी ‘मी फसलो’ एवढे दोन शब्द लिहिले असते तर तू त्याच दिवशी धक्क्यावर धावली असतीस. तेव्हा ते लोक अजून पैसे परत देत होते. तीन हजार दिले, तसे निदान थोडे दिले असते. मी त्याऐवजी शहाणपण लिहीत बसलो, आणि शहाणपण तू कधीच कुणाचं ऐकलेलं नाहीस. तेव्हा एकटीने रडू नकोस. अर्धं मला दे.

कॅप्टनने आणखी नऊ महिन्यांसाठी विचारलंय. जूनमध्ये उतरायचं राहिलं.

एल्मेर

बुएनाविस्ता
१७ एप्रिल

तोतो,

तुझं पत्र वाचलं आणि आधी मीही एक ताट फोडलं. मग तुला न विचारता एक गोष्ट केली. रागव, पण ऐकून घे.

फादरनी रविवारी तिन्ही गावांच्या निनांगांना चर्चच्या मागच्या खोलीत बोलावलं होतं. एकसष्ट बाया आल्या. पोलिसांचा माणूस बोलला, फादर बोलले, बाया माना हलवत राहिल्या. कुणी काही कबूल करेना. जी ती म्हणे माझे थोडेच आहेत, माझे येणारच आहेत, कोच माझ्याशी अजून बोलतो. मी ओळखलं ते, मीही तशीच बोलत होते. मग मी उठले आणि तुझं पत्र मोठ्याने वाचलं. सगळं. टोपीसुद्धा. ‘तो मीच’ इथे मी पत्र बेबेथच्या हातात दिलं, उरलेलं तिने वाचलं.

मग मागच्या बाकावरची एक म्हातारी उभी राहिली, पिशवीतून पाकीट काढलं आणि म्हणाली, हा माझा कर, दुपारी भरायला निघाले होते. तिच्यामागून आणखी चौघी उठल्या. एकीने तर गाय विकली होती. पाच जणींचे पैसे, तोतो, घरी परत गेले. एवढं फादरच्या प्रवचनाला जमलं नाही.

आता तू गावात जग फिरलेला नाहीस. बाया म्हणतात, पुरिंगचा भाऊ खरं बोलतो. मला हे जास्त आवडलं.

पण नऊ महिन्यांचं ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. या वयात तुला पुन्हा त्या भट्टीपुढे उभं केलं ते मी. एक विनंती आहे, नाही म्हणू नकोस. यापुढे पैसे माझ्या नावावर पाठवू नकोस. तिकडेच ठेव किंवा दुसऱ्या कुणाच्या नावाने पाठव. माझा माझ्यावर भरवसा उरला नाही, तुझा तरी का असावा?

पुरिंग

केपटाउन
२५ एप्रिल

मानांग पुरिंग,

म्हातारीला माझा नमस्कार सांग. गाय परत मिळाली का तेही लिही.

आज नऊ महिन्यांची सही केली. कागद भरताना कॅप्टनने विचारलं, पगार घरी कुणाच्या नावाने पाठवायचा? मी म्हटलं, ज्या बाईने माझे सगळ्यात जास्त पैसे बुडवले तिच्या. तो हसला, त्याला वाटलं मी गंमत करतोय. मी तुझं पूर्ण नाव एकेक अक्षर सांगितलं, त्याने लिहून घेतलं.

तुझा,
एल्मेर